पगार क्रीडा अधिकाऱ्याचा, काम कोचचं : कॉलेज बास्केटबॉलमधलं करिअर नेमकं कसं घडतं

ग्वाल्हेरच्या कुठल्याही सरकारी कॉलेजच्या मंजूर पदांची यादी काढून बघा. प्राचार्य, सहायक प्राध्यापक, ग्रंथपाल, क्रीडा अधिकारी अशी पदं सापडतील. 'बास्केटबॉल कोच' हे पद सहसा सापडणार नाही. तरीही दर हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संघ उतरतात, बेंचसमोर गळ्यात शिट्टी घातलेलं कोणीतरी उभं असतं आणि मुलं त्याला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणत असतात. त्यामुळे लष्कर भागातल्या एखाद्या घरात बी.ए.ला असलेली मुलगी 'मला कोच व्हायचंय' म्हणाली, की आईबाबा विचारतात, 'म्हणजे नक्की काय होणार? आणि पगार कोण देणार?' प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्याकडे या कामाला दोन वेगळ्या वाटा लागतात. एक नोकरीची : पदवी, नेट (कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), लोकसेवा आयोग, वेतनश्रेणी. दुसरी खेळाची : कोचिंगची पदविका, परवाने, पंचगिरी, मोठ्या कोचच्या हाताखाली काढलेले हंगाम. पहिलीवर पगार मिळतो आणि दुसरीवर काम येतं. फक्त पहिली धरणारे आयुष्यभर संघाचे फॉर्म भरतात आणि सामना सुरू झाला की 'डिफेन्स, डिफेन्स' ओरडतात. फक्त दुसरी धरणारे उत्तम शिकवतात, पण चाळिशीतही महिन्याच्या फीवर जगतात. दोन्ही एकदमच चालाव्या लागतात, आणि सुरुवात पंचविशीच्या आत करावी लागते. हे वय का, ते पुढे येईलच.

नोकरीची वाट

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाला (मध्य प्रदेशात याच पदाला क्रीडा अधिकारी म्हणतात) शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात किमान 55 टक्क्यांची पदव्युत्तर पदवी लागते. सोबत नेट किंवा नियमात बसणारी पीएच.डी. हवी. विद्यापीठ, कॉलेज, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळल्याची नोंद हवी, आणि शारीरिक क्षमता चाचणी पास व्हावी लागते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना 12 मिनिटांत 1800 मीटर आणि महिलांना 8 मिनिटांत 1000 मीटर. रोज धावणाऱ्याला ही चाचणी काहीच नाही. पण दोन वर्षं नेटच्या पुस्तकांवर वाकून बसलेला माणूस इथे दम टाकतो, म्हणून अभ्यासाच्या काळातही आठवड्यातून तीन दिवस पळायचं सोडू नये.

नेटमध्ये शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक 47 आहे. पहिला पेपर सर्वांना सारखा, 50 प्रश्न आणि 100 गुण. दुसरा विषयाचा, 100 प्रश्न आणि 200 गुण. दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. खेळाडू मुलं बहुधा दुसऱ्या पेपरला घाबरतात आणि पडतात पहिल्यात : तर्क, आकडेवारीचं वाचन, संशोधन पद्धती. हे खेळातून येत नाही, बसूनच करावं लागतं.

सेटबद्दल, म्हणजे नेटसारख्याच पण राज्य पातळीवरच्या परीक्षेबद्दल, मराठी घरांमध्ये एक गैरसमज हमखास दिसतो. पुण्याला मावशीकडे राहायचं, महाराष्ट्राची सेट द्यायची आणि नोकरीला ग्वाल्हेरला परत यायचं, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. जून 2002 नंतरची राज्य सेट फक्त त्या-त्या राज्यात चालते. महाराष्ट्राच्या सेटवर मध्य प्रदेशात क्रीडा अधिकारी होता येत नाही. इथे राहायचं असेल तर नेट किंवा मध्य प्रदेशची सेट.

सरकारी कॉलेजांत भरती मध्य प्रदेश लोकसेवा आयोगामार्फत होते. लेव्हल 10 ची वेतनश्रेणी, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये, वर भत्ते. जाहिराती मात्र नेमानं निघत नाहीत. दोन जाहिरातींमधली वर्षं बरेच जण 'अतिथी विद्वान' म्हणून काढतात, म्हणजे कायम जागा भरली की आपण बाहेर. ही वर्षं वाया घालवायची की खेळाच्या वाटेवर वापरायची, इथेच पुढचा सगळा फरक पडतो.

पदव्यांचा हिशेब असा. कुठलीही पदवी तीन वर्षं, मग बी.पी.एड. (शारीरिक शिक्षकाची पदवी) दोन, मग एम.पी.एड. (तीच पदव्युत्तर) दोन : बारावीनंतर सात वर्षं. बारावीनंतर थेट शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी घेऊन एम.पी.एड. केलं तर पाच. दोन वर्षं वाचतात, पण शाळांच्या जाहिराती बहुतेकदा बी.पी.एड. मागतात, आणि कॉलेजची जागा निघेपर्यंत शाळेची नोकरी हाच आधार असतो. केंद्रीय विद्यालयाचा शारीरिक शिक्षक लेव्हल 7 वर, 44,900 च्या मूळ वेतनावर लागतो, ही काही किरकोळ नोकरी नाही. कोणताही मार्ग घ्या, संस्था राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यताप्राप्त आहे ना, हे प्रवेश घेण्याआधी बघायचं. फी भरून झाल्यावर नाही.

गावातच असलेली संस्था

1857 च्या शताब्दीला, 17 ऑगस्ट 1957 रोजी, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज ग्वाल्हेरला सुरू झालं. आधी उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी, मग जिवाजी विद्यापीठाशी संलग्न, आणि 1995 पासून अभिमत विद्यापीठ : आजची एलएनआयपीई, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था. देशभरातून मुलं इथे वसतिगृहात राहून शिकायला येतात. गावाला मात्र गावातल्या संस्थेची किंमत कमी, हे सगळीकडेच असतं. दौलतगंजातून सायकलवर जाता येईल अशा अंतरावर बी.पी.एड., एम.पी.एड., पीएच.डी. आणि कोचिंग पदविका असताना मुलाला इंदूरला ठेवायची घाई करण्यात अर्थ नाही.

प्रवेशासाठी लेखी परीक्षेसोबत शारीरिक क्षमता आणि खेळातलं कौशल्य बघतात. कौशल्याच्या चाचणीत मुलं एक ठरलेली चूक करतात : वेगानं ड्रिबल करून दाखवतात, पण डाव्या हातानं लेअप (रिंगजवळ धावत जाऊन उडी मारून टाकलेला शॉट) घालता येत नाही. परीक्षकाला चौदा सेकंदांत कळतं की हा मुलगा गल्लीत खेळलाय, शिकलेला नाही. डावा हात तीन महिन्यांत तयार होतो : रोज 50 लेअप, डाव्या बाजूनं, उजवा पाय टेकून उडी, चेंडू बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला.

खेळाची वाट

खेळाडू म्हणून प्रमाणपत्रं गोळा करण्याची खिडकी लहान असते. भारतीय विद्यापीठ संघ (एआययू) या संघटनेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट 17 ते 25. आधी विभागीय फेरी, मग अखिल भारतीय. आपली विद्यापीठं पश्चिम विभागात येतात, जिथे महाराष्ट्र, गुजरात आणि राजस्थानचे तगडे संघ समोर असतात. पुढे क्रीडा अधिकाऱ्याच्या अर्जाला आणि कोचिंगच्या पदविकेला हीच प्रमाणपत्रं लागतात. पंचविशी उलटली की ती मिळवायचा दरवाजा बंद. संघात बारावा खेळाडू म्हणून गेलात आणि एक मिनिटही कोर्टवर उतरला नाहीत तरी नाव संघात असतं आणि प्रमाणपत्र मिळतं. 'खेळवणार नसतील तर मी जात नाही' असा रुसवा कोच व्हायचं ठरवलेल्यानं धरू नये. बेंचवरून सामना जास्त दिसतो, हा वर फायदा.

पदविकेसाठी देशातलं मोठं नाव म्हणजे पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1961 साली सुरू झालेली. खेळाडूंच्या बोलण्यात ती नुसती 'एनआयएस'. एक वर्षाची कोचिंग पदविका आणि साधारण सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असे दोन प्रकार लोक एकमेकांत मिसळतात. सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर शाळेत किंवा खासगी अकादमीत काम मिळू शकतं, पण जिथे 'पदविका' मागितली आहे तिथे ते चालत नाही. संस्थेची इतर शहरांतही केंद्रं आहेत आणि सगळे खेळ सगळीकडे नसतात. बास्केटबॉल कुठे आहे ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघूनच फॉर्म भरावा.

याशिवाय जागतिक बास्केटबॉल संघटना फिबाच्या कोच संघटनेचे लेव्हल 1, 2, 3 असे अभ्यासक्रम आहेत. भारतीय बास्केटबॉल महासंघ ते आपल्याकडे वेळोवेळी घेतो. काही दिवसांचेच असतात, पण तिथे देशभरचे कोच भेटतात आणि पुढे स्पर्धेच्या गावी मुक्कामाची सोय, दुसऱ्या संघाचा व्हिडिओ, सरावासाठी तासभर हॉल, या गोष्टी ओळखीनंच होतात.

पंचगिरीचं महत्त्व मात्र बहुतेक नवे कोच ओळखत नाहीत. जिल्हा संघटनेकडे जाऊन आधी टेबलवर बसायचं : स्कोअरशीट, सामन्याचं घड्याळ, शॉटच्या मुदतीचं 24 सेकंदांचं घड्याळ. मग शिट्टी. दोन हंगाम टेबलवर काढलेल्याला नियम पाठ करावे लागत नाहीत. मानधन थोडं असतं, पण विद्यार्थिदशेत हातखर्च सुटतो.

रोजचं काम काय असतं

साधारण वर्ष असं फिरतं : पावसाळ्यात प्रवेश, त्यानंतर ट्रायल आणि कॉलेजचा संघ, दिवाळीच्या आगेमागे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, त्याचा कॅम्प, आणि थंडीत विभागीय स्पर्धा. मध्य प्रदेशात उच्च शिक्षण विभागाच्या जिल्हा, संभाग, राज्य अशा स्पर्धाही याच काळात येतात. म्हणजे संघ बांधायला हातात जेमतेम दोन-अडीच महिने. त्यातही ग्वाल्हेरची हवा आहेच : मे-जूनमध्ये पारा 45 च्या वर, जानेवारीत सकाळी धुकं आणि दवानं ओला झालेला सिमेंटचा कोर्ट. ओल्या सिमेंटवर पहिला जातो तो घोटा. थंडीत पहाटेचा सराव घ्यायचाच असेल तर पहिली दहा मिनिटं खराट्यानं आणि पोत्यानं कोर्ट कोरडा करण्यात घालवावीत, आणि तेही खेळाडूंकडूनच करून घ्यावं. रोज सिमेंटवर उड्या मारून नडगी दुखायला लागते, तेव्हा आठवड्यातला एक दिवस मातीवर किंवा गवतावर पळवणं बरं.

ट्रायलला चाळीस मुलं आली तर उभ्यानं नेमबाजी करायला लावून निवड करू नका. त्यात घरचा रिंग असलेला मुलगा जिंकतो. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळवा, पाच-पाच मिनिटं, संघ बदलत. चेंडू हातात नसलेल्या मुलाकडे बघा : तो उभा राहतो की हलतो? चेंडू गेल्यावर परत धावतो की कमरेवर हात ठेवतो? उंची मोजतानाही नुसती उंची न मोजता हात वर करून बोटांची पोच मोजा. पाच फूट अकराचा लांब हातांचा मुलगा सहा फुटाच्या आखूड हातांच्या मुलापेक्षा जास्त रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेऊ शकतो.

दोन तासांच्या सरावाची योजना कागदावर मिनिटांनी लिहिलेली असावी. सुरुवातीची दहा-बारा मिनिटं अंग गरम करणं, मुलींच्या संघात उडी मारून दोन्ही गुडघे वाकवून, आत न पडू देता उतरण्याचा सराव त्यातच. गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना जास्त असतो. मग पंधरा मिनिटं चेंडू हाताळणं आणि रिंगजवळचे शॉट, वीस मिनिटं नेमबाजी, अर्धा तास डिफेन्स, वीस मिनिटं झटपट हल्ला आणि परतणं, उरलेला वेळ पाच विरुद्ध पाच. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट) शेवटी नकोत, मधेमधे, दम लागलेला असताना दोन-दोन. सामन्यात कोणी ताज्या दमानं दहा फ्री थ्रो टाकत नाही.

डिफेन्सचा अर्धा तास म्हणजे मुख्यतः 'शेल ड्रिल', आणि कोचची खरी परीक्षा इथेच होते. चार हल्लेखोर तीन गुणांच्या रेषेबाहेर : दोन समोर, दोन बाजूंना. चार बचावपटू त्यांच्यावर. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याचा बचावपटू हातभर अंतरावर. एका पासच्या अंतरावरचा बचावपटू पासच्या वाटेत हात ठेवून. दोन पासच्या अंतरावरचा मात्र आपला माणूस सोडून दोन्ही रिंगांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपर्यंत आत यायला हवा, अंग असं वळवून की चेंडू आणि आपला माणूस दोन्ही दिसतील. एक बोट चेंडूकडे, एक बोट माणसाकडे. आता हल्लेखोर फक्त पास देत राहतात, शॉट नाही. प्रत्येक पासला चारही बचावपटूंनी जागा बदलायची. नेहमीची चूक अशी की मुलं पास पकडला गेल्यावर हलतात. हलायचं चेंडू हवेत असताना. पास हवेत अर्धा-पाऊण सेकंद असतो, त्यात दोन पावलं होतात, आणि त्या दोन पावलांवरच पुढचं ड्रिबल अडतं किंवा सुटतं. कोचनं चेंडूकडे न बघता सर्वात लांबच्या बचावपटूच्या पायांकडे बघायचं, आणि उशीर झाला की शिट्टी मारून सगळ्यांना आहेत तिथे गोठवायचं. पहिल्या आठवड्यात दर दुसऱ्या पासला शिट्टी वाजते. मुलं वैतागतात. वैतागू द्यावीत.

मोबाइलवर एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक लीग) बघणारी मुलं इथे एक शंका काढतात : सर, आत रिंगखालच्या चौकटीत उभं राहिलं तर तीन सेकंदांचं उल्लंघन होईल ना? बचावपटूला तीन सेकंदांचा नियम एनबीएत आहे, फिबाच्या नियमांत नाही. आपल्याकडचे सामने फिबाच्या नियमांनी होतात. अमेरिकेचं बघून शिकलेले डावपेच आपल्या कोर्टवर तपासूनच आणावेत, त्यातलंच हे एक.

सामन्यानंतर 'आज शूटिंग लागलं नाही' हे वाक्य प्रत्येक हरलेल्या बेंचवर ऐकू येतं. ते खरं आहे का हे वहीत काढता येतं. संघाला चेंडूवर किती वेळा ताबा मिळाला याचा अंदाज : घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या 0.44 पट, वजा हल्ल्यातले (आपल्याच हुकलेल्या शॉटचे) रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच गमावलेले चेंडू. समजा संघानं 62 शॉट घेतले, 20 फ्री थ्रो टाकले, हल्ल्यात 10 रिबाउंड मिळवले आणि 16 वेळा चेंडू गमावला. 62 अधिक 8.8 वजा 10 अधिक 16, म्हणजे सुमारे 77 ताबे. गुण झाले 58. दर ताब्याला 0.75. यात 16 टर्नओव्हर म्हणजे दर पाचांतला एक ताबा शॉट न घेताच गेला. अशा संघाला आणखी नेमबाजी शिकवून उपयोग थोडा. दोन बचावपटू अंगावर आले तर चेंडू कुठे द्यायचा ते शिकवायला हवं. या नोंदी ठेवायला एक मुलगा, एक वही आणि दोन रंगांची पेनं पुरतात.

बेंचवरचे नियमही कोचनं वाचलेले असावेत. सामन्याच्या निदान 40 मिनिटं आधी खेळाडूंची यादी टेबलला द्यायची, 10 मिनिटं आधी पहिले पाच सांगून स्कोअरशीटवर सही करायची. टाइमआउट पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन, आणि चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच. टाइमआउट पंचाकडे ओरडून मिळत नाही. मुख्य कोचनं किंवा पहिल्या सहायकानं टेबलकडे मागायचा, आणि तो चेंडू मृत झाल्यावर (खेळ थांबल्यावर) किंवा आपल्यावर बास्केट झाल्यावरच मिळतो. दर स्पर्धेत कोणीतरी पंचावर डाफरतो की 'मी कधीचा मागतोय', आणि टाइमआउटऐवजी टेक्निकल फाउल घेऊन बसतो. स्वतःच्या वागणुकीचे असे दोन झाले की कोच बाहेर.

कागदपत्रांत तर जिंकायचे सामने हरतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पात्रता फॉर्मवर दहावीच्या गुणपत्रिकेवरची जन्मतारीख, प्रवेशाची नोंद, प्राचार्यांची आणि विद्यापीठाची सही, फोटोवर शिक्का, सगळं लागतं. नियमित विद्यार्थीच खेळू शकतो, दूरस्थ शिक्षणवाला नाही. गुणपत्रिकेवर 'कुलकर्णी' आणि आधारवर वेगळी अक्षरं, असला प्रकार तंबूत बसलेल्या तपासनिसासमोर उघडकीला येतो तेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक खेळाडूची वेगळी फाइल करून मूळ कागद डोळ्यांनी बघावेत. कपड्यांचंही तसंच : कार्यक्रमपत्रिकेत पहिलं नाव असलेला संघ फिकट रंगात, दुसरा गडद, त्यामुळे दोन जोड हवेत. आणि प्रवासाचा आगाऊ पैसा मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर तिकिटांचे पैसे बहुधा क्रीडा अधिकाऱ्याच्या खिशातून जातात. नोकरीच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं.

मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक पाठवावी लागते, आणि बास्केटबॉल कळणाऱ्या महिला कोच थोड्या आहेत. कमलाराजा कन्या महाविद्यालयासारखी मोठी मुलींची कॉलेजं असलेल्या गावात पदविका घेतलेल्या मुलीला काम शोधत फार फिरावं लागू नये.

अमेरिकेत हेच करिअर कसं चालतं

इंटरनेटवर 'कॉलेज बास्केटबॉल कोच' शोधलं की जे सापडतं ते अमेरिकेचं, आणि आकडे वाचून डोळे फिरतात. तिथे पद खरोखरच कोचचं असतं. सर्वात वरच्या विभागात मुख्य कोच आणि जुलै 2023 पासून पाचपर्यंत सहायक. त्याखाली कामकाज बघणारा संचालक, व्हिडिओ सांभाळणारा, आणि सर्वात खाली 'ग्रॅज्युएट असिस्टंट', म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघात राबणारा विद्यार्थी. त्याच्याही खाली 'स्टुडंट मॅनेजर' : चेंडू वेचणं, टॉवेल, पाणी, व्हिडिओ. यातूनही माणसं वर जातात. लॉरेन्स फ्रँक इंडियाना विद्यापीठात बॉब नाइट यांच्या संघाचा मॅनेजर होता, पुढे एनबीएत मुख्य कोच झाला.

या करिअरला वंशावळ असते. खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ 1898 मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेला तो शारीरिक शिक्षण शिकवायला आणि प्रार्थनागृह सांभाळायला, कोचिंग त्यासोबत. म्हणजे आपल्या क्रीडा अधिकाऱ्यासारखंच. कोच म्हणून त्याचा हिशेब 55 विजय आणि 60 पराभव असा आहे, आणि कॅन्ससच्या इतिहासात पराभव जास्त असलेला तो एकटाच कोच. पण त्याच्या हाताखाली फॉग ॲलन खेळला, ॲलनच्या हाताखाली ॲडॉल्फ रुप आणि डीन स्मिथ, आणि पुढची कित्येक दशकं या नावांनी गाजवली.

काळ किती लागतो तेही बघण्यासारखं आहे. जॉन वुडन 1948 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात कोच म्हणून आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1964 मध्ये मिळालं. ते धरून बारा वर्षांत दहा. माइक शिशेव्स्की 1980 मध्ये ड्यूक विद्यापीठात आले, पहिल्या तीन हंगामांत 38 विजय आणि 47 पराभव. त्यांना काढा म्हणून ओरड झाली. विद्यापीठानं ठेवलं, आणि 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा खात्यावर 1202 विजय होते. पॅट समिट 1974 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, टेनेसीच्या मुलींच्या संघाच्या मुख्य कोच झाल्या; पगार महिना 250 डॉलर, संघाचे कपडे स्वतः धुवायच्या आणि गाडीही स्वतः चालवायच्या. त्यांचे 1098 विजय आणि 8 विजेतेपदं.

आज इतका धीर कोणी धरत नाही. 2018 मध्ये खेळाडूंना विद्यापीठ बदलण्यासाठीचं ऑनलाइन पोर्टल आलं, 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2025 पासून विद्यापीठंच खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. दर वसंतात अर्धा संघ उठून जाऊ शकतो. त्यामुळे तिथल्या सहायक कोचचा मोठा वेळ शिकवण्यात न जाता खेळाडू मिळवण्यात आणि टिकवण्यात जातो. सराव तर हंगामातही आठवड्याला 20 तासांच्या वर घेता येत नाही. खालच्या विभागांत चित्र वेगळं : तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, आणि एकच कोच दोन-तीन कामं सांभाळतो.

ग्वाल्हेरहून तिथे जायचं तर खरा दरवाजा ग्रॅज्युएट असिस्टंटचाच : क्रीडाशास्त्रात किंवा क्रीडा व्यवस्थापनात पदव्युत्तर प्रवेश, आणि संघात कामाच्या बदल्यात फीमाफी किंवा विद्यावेतन. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारातलं काम आठवड्याला 20 तासांपर्यंतच करता येतं, हे मनात ठेवून खर्चाचा हिशेब करावा. प्रवेश आणि संघातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशाचा अर्ज विद्यापीठाकडे, आणि संघासाठीचा मेल थेट कामकाज संचालकाला, हंगाम संपल्यावर. मुख्य कोचला पाठवलेला मेल बहुधा कोणी उघडतही नाही. मेलमध्ये 'लहानपणापासून खेळाची आवड' लिहू नका. व्हिडिओ कापून त्यावर नोंदी करता येतात का, आकडेवारीचं कोणतं सॉफ्टवेअर चालवता येतं, किती सामन्यांची टेबलची कामं केली आहेत, ते दोन ओळींत सांगा, आणि आपण एखाद्या सामन्याचं केलेलं विश्लेषण जोडा : एक पान, सोबत पाच-सहा क्लिप, प्रत्येकी दहा-बारा सेकंदांची. सामना ओळखीचा नसला तरी चालेल. समोरचा माणूस बघतो तो एवढंच की पास हवेत असताना तुमची नजर कुठे होती.